प्रॅक्टिकलची तारीख

त्या साली कापूस पाळीपाळीनं फुटलाच नाही. दिवाळी झाली तरी पऱ्हाटी हिरवी बोंडं धरून उभी होती. मग आठ-दहा दिवस कडक ऊन पडलं आणि बाबारावांचं साडेतीन एकर एकदमच पांढरं झालं. येचायला हात मात्र नव्हते. तेलंगणातल्या पिंपरखेडीच्या बाया सकाळीच पैनगंगेच्या पुलावरून पलीकडे, महाराष्ट्रात कामाला जायच्या. तिकडचे शेतकरी त्यांना ऑटोनं न्यायचे, ऑटोनं आणून सोडायचे. बाबारावांकडे ऑटो नव्हता. घरात ते आणि त्यांची मुलगी सुनयना, एवढीच माणसं.

बाबाराव अडुसष्ट वर्षांचे. डावा गुडघा वाकत नसे. म्हणून दोघं एकाच ओळीत चालायची. वरची बोंडं त्यांची, कमरेखालची सुनयनाची. ती वाकूनच पुढे सरकायची, दोन्ही हातांनी येचायची आणि ओटी भरली की शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करून यायची. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या मुळाशी टोचून तिची बोटं काळी पडली होती. ओळीच्या सुरुवातीला तुरीच्या झाडाला तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले कागद बांधून ठेवले होते. ओटी रिकामी करायला गेली की ती एक नजर कागदावर टाकायची आणि परत येताना मोठ्यानं म्हणायची.

"समुद्री कासव. सरीसृप वर्ग. पाठीचा कणा असते. फुप्फुसानं श्वास घेते, म्हणून हवेसाठी वर यावं लागते. पायाच्या जागी वल्ही."

"अन् दुसरं?" बाबाराव विचारायचे.

"लिंपेट. मृदुकाय संघ. कणा नाही. कल्ल्यानं श्वास घेते. पोटाखाली एकच मांसाचा पाय, त्यानं खडकाले चिपकते."

चौदा वर्षांपूर्वी सुनयना आदिलाबादला इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होती, तेव्हा बाबारावांनीच तिचं लग्न लावून दिलं होतं. इचोड्याचं स्थळ चालून आलं होतं. प्रॅक्टिकल आठ दिवसांवर होतं, ते राहून गेलं. सहा वर्षांनी ती पत्र्याची एक पेटी घेऊन परत आली. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. त्यानंतर दोन वर्षांत आई, सोजरबाई, गेली. आता सुनयनानं ओपन स्कूलमधून पुन्हा फॉर्म भरला होता. लेखी पेपर सुटले होते, जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल तेवढं बाकी होतं. ते झालं तर बेज्जूरच्या मुलींच्या निवासी शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची जागा तिला मिळणार होती. तिची मैत्रीण चंदा त्या शाळेत स्वयंपाकाला होती. तिनंच ती जागा हेरून ठेवली होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. बेज्जूर म्हणजे पार तिकडे, प्राणहितेकडे, जंगलात. तीन बसा बदलून दिवस मोडायचा.

"कासव मले माईत हाय," बाबाराव म्हणाले. "पैनगंगेत बम होते पयले. हे लिंपेट कसं अस्ते?"

"वाटी पालथी घातल्यावानी."

"केवढं?"

"चित्रात तर एवढं हाय." तिनं दोन्ही हातांचा कापूस सावरत परातीएवढा घेर दाखवला.

"खाते काय?"

"खडकावरचं शेवाळ. पानी चढलं का थोडंसं फिरते, खाते, अन् मंग आपल्या जाग्यावर येऊन बसते. त्याच जाग्यावर. त्याच्या कवचाची कड त्या खडकाले घासून घासून बरोबर बसन अशी झाली अस्ते. दुसरीकडं तसं बसत नाई."

"शहानं हाय."

"अन् कासव हजारो मैल जाते. मादी किनाऱ्यावर येते, वाळूत अंडे पुरते अन् निंगून जाते."

"मंग पिल्लं?"

"पिल्लं आपले आपन निघतात अन् पान्यात जातात."

"माय पाहतबी नाई?"

"नाई."

"मंग हे कसलं जनावर व?"

"मार्काचं जनावर हाय, बाबा," सुनयना हसली. "पाच मार्काचं."

तो सोमवार होता. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर ती घागर घेऊन बोअरवर गेली. शेतात तिच्या मोठ्या फोनला रेंज येत नसे, तो घरीच असायचा. बाबारावांच्या खिशातला बटनांचा फोन वाजला. अभ्यास केंद्रातले नागेश सर बोलत होते. ते तेलुगू माणूस, मराठी अडखळत बोलायचे.

"बाबाराव गारू? सुनयनाला सांगा. प्रॅक्टिकल शनिवारी नाही, बुधवारी. बाहेरच्या मॅडम बुधवारीच येतात. धा वाजता, मावल्याच्या कॉलेजात. तिचा फोन लागत नाही."

"हव."

"पक्का सांगा. ही गेली तर मग पुढच्या सालीच."

"हव सर. सांगतो."

सुनयना घागर घेऊन आली. चुंबळ काढताना तिनं विचारलं, "कोनाचा फोन होता?"

"बियान्याच्या दुकानवाल्याचा," बाबाराव म्हणाले.

म्हणताना त्यांनी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. निघून गेल्यावर वाटलं, संध्याकाळी सांगू. ओळ संपली, सूर्य बुडाला, गाठोडं डोक्यावर घेऊन ती पुढे आणि ते काठी टेकत मागे असे घरी आले. बैल नव्हते, गाय नव्हती, दावणीच्या जागी फवारणीचा पंप ठेवलेला होता. ती चुलीपुढे बसली. त्यांनी पाय धुतले. सांगितलं नाही.

मंगळवारी वारा पडला. सकाळपासून आभाळ दुधासारखं पांढुरकं झालं होतं, दुपारी त्याला करडी किनार आली. फुटलेल्या कापसावर पाणी पडलं तर तो पिवळा पडतो, मातीत लोंबतो, सरकीला कोंब येतात. बाबारावांनी त्या दिवशी जेवायला बसायचंही नाकारलं. गुडघा ताठ धरून, कमरेतून वाकून त्यांनी खालची बोंडंही येचायला घेतली.

"बाबा, तुमी खालचे काऊन येचून राह्यले? राहू द्या, मी हाय ना."

"आभाळ पाय वर."

दोघांचेही हात लागले तरच कापूस निघेल. बुधवारी ती नसली तर अर्धं शेत भिजेल. मनाशी हे धरलं की त्यांना बरं वाटायचं. मग चार बोंडं येचून होईस्तोवर ते बरं वाटणं निघून जायचं.

शेजारच्या वावरात विमलबाई तुरीच्या शेंगा तोडत होत्या. सोजरबाईच्या बरोबरीच्या बाई. धुऱ्यावर पाणी प्यायला आल्या.

"पोरीची परीक्षा कवा हाय गा, बाबाराव?"

"शनवारी."

"पास झाली का बेज्जूरले जाईन म्हना. मंग तुमी एकटेच पडान."

बाबारावांनी तोंडात भरलेलं पाणी गिळलं. "पडीन, नाई तं काय. मानूस पडतेच."

"तसं नाई, भाकर कोन टाकून देईन?"

"तुमीच द्या ना."

विमलबाई हसल्या आणि आपल्या ओळीकडे गेल्या. बाबाराव मात्र बराच वेळ हातातलं बोंड चुरत उभे राहिले. एक खोटं बोललं होतं, त्याची आता दोन झाली होती. तिसरं संध्याकाळी बोलावं लागलं नाही, कारण सुनयनानं तारखेचं काही विचारलंच नाही. तिनं भाकरी थापता थापता कागद त्यांच्या हातात दिला.

"तुमी पाहा. मी न पाहता म्हनतो. चुकलं का थांबवा."

बाबाराव चौथी शिकलेले. दिव्याखाली कागद धरून ते एकेका शब्दाखाली बोट सरकवत राहिले. ती तव्यावरची भाकरी उलथायची आणि म्हणायची. कासवाचं कवच बरगड्यांना जुळलेलं असतं, म्हणून ते अंगातून काढता येत नाही. समुद्री कासवाला डोकं आत ओढता येत नाही. लिंपेटची जीभ कानशीसारखी असते, तिच्यावर दातांच्या ओळी असतात. लिंपेट खडकावर इतकं घट्ट बसतं की उन्हात त्याच्या आतलं पाणी सुकत नाही. ती बोलायची आणि तिच्या तोंडातून तेच शब्द यायचे जे त्यांच्या बोटाखाली होते. मध्येच ती थांबली, चिमट्यानं विस्तव पुढे ओढला आणि पुन्हा तिथूनच सुरू झाली.

"चुकलं कुठी?"

"नाई."

"एकबी नाई?"

"नाई व बाई. समदं बरोबर हाय."

तिनं पिठाच्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले. तिचा चेहरा जाळाच्या उजेडात लालसर दिसत होता. लग्नाआधी, कॉलेजातून सुट्टीवर यायची तेव्हा तो असा दिसायचा. बाबारावांनी कागदाची घडी केली, पिशवीत घातली.

बुधवारी सकाळी साडेसातला दोघं शेतात पोचली. आभाळ खाली आलं होतं. साडेसहाची बस गावातून निघून गेली होती, तिचा आवाज त्यांनी घरात ऐकला होता. सुनयना कमरेला ओटी बांधत होती. बाबाराव ओळीच्या तोंडाशी उभे होते, येचायला हात गेला नाही.

"सुनयना."

"काय?"

"सोमवारी नागेश सरचा फोन आल्ता. परीक्षा शनवारी नाई. बुधवारी हाय."

"कोनत्या बुधवारी?"

"आजच्या."

तिचे हात गाठीवरच राहिले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. काही बोलेल म्हणून ते वाट पाहत राहिले, पण तिनं फक्त विचारलं, "टाइम?"

"धा. मावल्याले."

तिनं ओटी सोडली, झाडाची पिशवी ओढून तोडली आणि धुऱ्यावरून पळत सुटली. बाबाराव काठी टेकत मागे निघाले. पऱ्हाटीच्या फांद्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या धोतराला अडत होत्या, कापूस गळून पडत होता. त्यांनी तो उचलला नाही.

गावात मोटारसायकल एकच मोकळी मिळण्यासारखी होती, दूध घालणाऱ्या भूषणची. तो सकाळच्या फेरीला गेला होता, नऊला आला. रिकामे कॅन त्यानं ओट्यावर उतरवले. सुनयना नवी साडी नेसून, ओळखपत्र हातात धरून उभीच होती.

"बस व ताई. आताच नेतो," भूषण म्हणाला.

"मीबी येतो," बाबाराव म्हणाले.

"तुमी काय करता? कापूस…"

"येतो म्हनलं ना."

सुनयना मध्ये, बाबाराव मागे, डावा पाय आखडलेला असल्यामुळे बाहेर निघालेला. आदिलाबादजवळच्या मावल्यापर्यंत पंचेचाळीस किलोमीटर. सुनयनाची पाठ त्यांच्या छातीला लागत होती आणि ती इतकी ताठ होती की खड्ड्यांतही ती हलली नाही.

मावल्याच्या कॉलेजात पोचले तेव्हा अकराला दहा कमी होते. प्रयोगशाळेच्या दारात नागेश सर उभे होते. त्यांनी सुनयनाला पाहून कपाळाला हात लावला.

"मी सोमवारी सांगितलं होतं तुमच्या नान्नाला, बाबांना. आता मॅडम नाही घेणार."

आतून परीक्षक मॅडम आल्या. जाड काचांचा चष्मा, खांद्यावर पदर पिन लावलेला. त्या हिंदीत म्हणाल्या, "टाइम दस बजे का था. आधा घंटा तक चलता है. उसके बाद नहीं."

सुनयना खाली पाहत होती. ती म्हणू शकली असती की बस चुकली. बाबारावांना वाटलं ती म्हणेल. ते पुढे झाले. पायातली चप्पल त्यांनी व्हरांड्याच्या खाली काढली होती, पाय धुळीनं माखलेले होते.

"मॅडम, गलती मेरी है. इसको मालूम नहीं था. फोन मेरे को आया. मैं बोला नहीं."

"क्यों नहीं बोला?"

"कपास था, मॅडम. बारिश का दिन है."

दोन मुलं दाराशी येऊन ऐकत होती. कोणीतरी मागे हसलं. मॅडम बाबारावांकडेच पाहत राहिल्या.

"सिर्फ कपास?"

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"पास हो गई तो चली जाएगी," ते म्हणाले. "घर में और कोई नहीं है."

सुनयनानं मान वर केली नाही. तिच्या हातातलं ओळखपत्र वाकलं होतं. मॅडम नागेश सरांशी तेलुगूत काहीतरी बोलल्या, बराच वेळ बोलल्या. मग दारातून बाजूला झाल्या.

"आओ अम्मा. एक घंटा है तुम्हारे पास. जल्दी."

बाबाराव खिडकीच्या गजांपाशी उभे राहिले. आत लांब टेबलावर बरण्या मांडल्या होत्या. एका बरणीत कासव होतं, तळहातावर मावेल एवढं, पिल्लूच. त्याची वल्ही पिवळ्या पाण्यात पसरलेली होती, डोळे मिटलेले. शेजारी पत्र्याच्या झाकणात कापूस घालून त्यावर एक करडा खवला ठेवला होता, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा. मॅडमनी त्याच्यावर बोट ठेवलं तेव्हा बाबारावांना कळलं की तेच लिंपेट. ते आपल्याशीच पुटपुटले, "एवढंसंच?"

सुनयनानं तो खवला चिमटीत धरून उलटा केला, आतली बाजू मॅडमना दाखवली. काचेच्या बंद तावदानातून तिचा आवाज ऐकू येत नव्हता. तिची काळी बोटं कडेवरून फिरत होती, मग ती कासवाच्या बरणीकडे गेली, पुन्हा खवल्याकडे आली. मॅडमनी काहीतरी विचारलं. ती थांबली, विचार करू लागली. बाबारावांनी गज घट्ट धरले. मग ती बोलायला लागली, आणि मॅडम लिहायला लागल्या.

तेवढ्यात पत्र्यांवर पाऊस वाजला.

परतताना भूषण आधीच निघून गेला होता. बसमध्ये सुनयना पुढे बायांच्या सीटवर बसली, बाबाराव मागे. गावात उतरले तेव्हा पाऊस थांबला होता. शेतातला कापूस भिजून झाडांवर लोंबत होता, ओल्या दोऱ्यांसारखा. त्यांनी संध्याकाळपर्यंत येचला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. ओला कापूस अंगणात, ओट्यावर, खाटेवर, सोजरबाईच्या जुन्या लुगड्यावर पसरला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळीकडे ओल्या सरकीचा वास होता. सुनयना बोलायची ते कामापुरतं. खाट सरकवा. चहा झाला. ढग पाहा. कागदांची पिशवी तिनं आढ्याच्या खुंटीला टांगून टाकली.

बाबारावांना वाटे, एकदा ती ओरडली असती तर बरं होतं. ती ओरडली नाही.

जानेवारीत निकाल आला, फेब्रुवारीत बेज्जूरचा कागद. स्टॉपवर त्यांनी तिची पेटी बसच्या दारातून आत ढकलली. विमलबाई पोचवायला आल्या होत्या, त्यांनी तिच्या पदरात ज्वारीची ओंजळ घातली.

"जातो बाबा," ती म्हणाली. "आंग धुवाले पानी गरम करत जा. थंड्यानं गुडघा धरते."

"हव."

ती पाया पडायला वाकली, हात त्यांच्या गुडघ्यापर्यंतच गेला.

मार्चमध्ये बाबाराव बेज्जूरला गेले. पऱ्हाटी उपटून झाली होती, शेत मोकळं होतं, घरात दिवसभर कोणाशी बोलायला नव्हतं. पाच किलो तुरीची डाळ आणि वाळवलेली अंबाडी पिशवीत घालून ते साडेसहाच्या बसनं निघाले. आदिलाबाद, आसिफाबाद, कागजनगर. प्रत्येक स्टँडवर पाटी तेलुगूत, प्रत्येक ठिकाणी विचारत. बेज्जूरला उतरले तेव्हा तीन वाजले होते. साग पानगळीनं उघडे पडले होते. शाळेच्या गेटवर वॉचमननं त्यांना बाकावर बसवलं. पुरुषांना आत सोडत नव्हते.

सुनयना आली. अंगावर निळा कोट, हातात किल्ल्यांचा जुडगा. ती जाडी झाली नव्हती, पण तिचे गाल भरले होते. नखं पांढरी होती.

"फोन नाई केला?"

"केला असता तं तू येऊ नका म्हनली असती."

ती हसली नाही, पण बाकावर बसली. चंदाला सांगून भात-आमटी मागवली. ते जेवत असताना ती त्यांच्या पायांकडे, घोट्याच्या सुजेकडे पाहत होती.

"भाकर कोन टाकते?"

"विमलबाई देते दोन. एखाद्या दिवशी मीच टाकतो. कच्ची राहते."

"इथी खोली हाय मले. तुमी या. बाहेर गावात कोनाकडं जागा पाहतो तुमच्यासाठी."

"पेरनी कोन करन?"

आत मुली "अक्का, अक्का" करून तिला हाका मारत होत्या. तिनं हातानं थांबा म्हटलं. मग किल्ल्या एकीवर एक सरकवत, त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "एक इचारू?"

"इचार."

"तवा तुमी सकाळी सांगतलं काऊन? नसतं सांगतलं तं दिवस निंगून गेला असता. मंग कोनी काय केलं असतं."

बाबारावांनी ताटातला भात गोळा केला. इतके महिने त्यांनी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर जुळवून ठेवलं होतं, का लपवलं त्याचं. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

"तू पाठ म्हनत होती," ते म्हणाले. "माह्या बोटाखाली जे होतं तेच. एक शब्दबी चुकला नाई. मी वाट पाहत होतो का कुठीतरी चुकन."

"अन् मंग?"

"नाई चुकली ना."

सुनयनानं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. मग उठली, त्यांचं ताट उचललं, तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर घातलं. सावकाश, एकेका बोटावर. आत घंटा झाली.

"पाच वाजताची बस चुकवू नका. नाई तं इथीच मुक्काम पडते. आदिलाबादले रात काढा, सकाळच्या बसनं गावाले जा."

"हव."

"डाळ बम आनली."

"घरची हाय."

ती पिशवी घेऊन आत गेली. दोन मुलींनी येऊन पिशवीचा एकेक बंद धरला आणि तिघी मैदान ओलांडून पलीकडच्या इमारतीत शिरल्या. वॉचमन गेट ओढत होता, चाक अडकलं होतं. बाबारावांनी उठून दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि दोघांनी मिळून ते लावलं.

"फिर कब आना होगा, चाचा?" वॉचमननं कडी घालत विचारलं.

"पेरनी होऊ दे," बाबाराव म्हणाले. मग त्याला कळलं नसेल म्हणून हिंदीत म्हणाले, "बुवाई के बाद."

ते बसच्या स्टॉपकडे निघाले. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. सागाची वाळकी पानं पायाखाली मोडत होती, आणि त्यांचा आवाज इतका मोठा येत होता की बाबाराव मध्येच थांबून मागे वळून पाहत, कोणी येतंय की काय म्हणून.